गाणं थांबलंय, पण संगीतातच राहायचंय. सुरुवात कुठून करू?

पांढरी_पाच | १४ जून, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

वय २८, मूळची सांगलीकडची, आता पुण्यात. विशारद पूर्ण झालंय, त्यानंतर सहा वर्षं बाईंकडे शिकले. दिवसा एका कंपनीत अकाउंट्स बघते. मागच्या दिवाळीत लागोपाठ तीन पहाटा गायले, तेव्हा आवाज बसला तो बसलाच. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पडद्यावर स्वरतंतूंवरच्या गाठी दाखवल्या. आधी मौन, मग आवाजाचे व्यायाम. आता बोलणं ठीक आहे, मध्य सप्तकात थोडं गातेही, पण तार षड्ज ओलांडला की आवाज फाटतो. डॉक्टर म्हणतात होईल बरं, घाई करू नका.

खरं कारण मात्र एवढंच नाही. घरी तानपुरा लावून चार तास बसायला मला काही वाटत नाही. समोर माणसं आली की पोटात गोळा येतो. पंधरा वर्षांत तो गेलेला नाही. गाठींमुळे एक सभ्य कारण मिळालं इतकंच.

तर प्रश्न असा, की मंचावर बसून गाण्याखेरीज संगीतात पोटापुरतं काय काय करता येतं, आणि त्याची पहिली पायरी नेमकी कोणती? नोकरी लगेच सोडणार नाहीये. सगळे म्हणतात क्लास घे. तेच करायचं तर करेन, पण त्याआधी बाकीचं बघायचंय.

'जिद्द सोडू नकोस' छापाचे प्रतिसाद नकोत, प्लीज. ते घरी मुबलक मिळतात.

तिरकीट | १४ जून, रात्री ११:०५

रुमाल टाकून ठेवतो. माझा भाचा याच वळणावर आहे.

नाट्यवेडा | १४ जून, रात्री ११:३०

क्लास घेण्यात कमीपणा काय आहे ते कळलं नाही. उत्तम गायक घडवणारे कित्येक गुरुजी स्वतः मैफलीत फारसे गायले नाहीत. विशारद आहात, परीक्षेचं केंद्र जवळ असेल तर प्रारंभिक-प्रवेशिकाची मुलं दोन महिन्यांत जमतील. बाकी 'संगीतात करिअर' वगैरे पेपरातल्या पुरवण्यांत वाचायला बरं असतं.

पांढरी_पाच | १४ जून, रात्री ११:४२

कमीपणा अजिबात नाही. पण शिकवताना गाऊन दाखवावं लागतं, रोज, सहा-सहा तास. सध्या ते बंद आहे. आणि मला शिकवायची हौस आहे की नाही हेच अजून ठरत नाहीये. हौस नसलेल्या बाईकडे मुलांनी का यावं?

वायर_गुंडाळ | १५ जून, रात्री १२:१०

मी साउंडवाला. १९ वर्षं झाली. लग्न, आमसभा, कीर्तन, शास्त्रीय, सगळं केलंय. एक किस्सा सांगतो, मग तुमच्या प्रश्नावर येतो.

काही वर्षांपूर्वी एका हॉलमध्ये गायन होतं. बुवा काळी एकला बसले होते, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्यांचा षड्ज. हॉल असा घुमत होता की शब्दच कळेना. मी ग्राफिक इक्वलायझरवर (आवाजातले उंच-खालचे भाग वेगवेगळे कमीजास्त करायचं यंत्र) इकडची पट्टी ओढ, तिकडची सोड, असा अंधारात दगड मारत होतो. मागे तंबोऱ्यावर बसलेली त्यांची शिष्या मध्यंतरात खाली आली आणि म्हणाली, दादा, ते पंचमावर आले की घुमतंय. झालं! पुरुषाच्या काळी एकचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झला येतो, म्हणजे पंचम २०८ च्या आसपास. ३१ पट्ट्यांच्या ग्राफिकवर सगळ्यात जवळची पट्टी २०० ची. ती चार डीबी खाली घेतली आणि हॉल धुऊन काढल्यासारखा स्वच्छ झाला. आकडेमोड मला येत होती. पंचम तिला ऐकू आला होता.

आमच्या धंद्यात वायर जोडणारे ढीगभर आहेत. सूर ओळखणारे फार थोडे. शास्त्रीयच्या कलाकारांना काय हवं असतं ते बहुतेक साउंडवाल्यांना माहीतच नसतं. तबल्याचा डग्गा छातीवर आदळला पाहिजे ही डीजेची सवय. तंबोऱ्याला माईक लावायचा असतो हेही सांगावं लागतं. गायकाच्या मॉनिटरमध्ये (मंचावर त्याला स्वतःला ऐकवणारा स्पीकर) तंबोरा किती, पेटी किती, स्वतःचा आवाज किती, हे सांगणारं कोणी शेजारी बसलं तर अर्धं काम होतं.

पहिली पायरी विचारलीत तर ती वायर गुंडाळण्याची. थट्टा नाही. शनिवार-रविवार एखाद्या साउंडवाल्याकडे हेल्पर म्हणून जा. वायर कोपराला गुंडाळायची नसते, एक वेटोळं सुलट आणि एक उलट असं घ्यायचं, नाहीतर आतली तार पीळ खाते आणि सहा महिन्यांत खरखर सुरू होते. मी पहिले सहा महिने एवढंच केलं. त्या काळात कान उघडा ठेवला तर बाकीचं आपोआप येतं. कोर्स नंतर करा. एफटीआयआयचा ध्वनीचा अभ्यासक्रम ३ वर्षांचा आहे आणि उत्तम आहे, पण तो सिनेमाच्या अंगाने जातो आणि प्रवेश अवघड. तुम्हाला मैफलीचं करायचं असेल तर मैफलीत उभं राहून शिका.

एक अप्रिय गोष्ट: रात्री दोनला टेम्पो भरायचा असतो. सोबत सगळे पुरुष. मैदानावर स्वच्छतागृह नसतं. हे माहीत असू द्या.

फेडर_ताई | १५ जून, सकाळी ७:२०

वरच्या शेवटच्या परिच्छेदासाठी आले. मी बाई आहे आणि हेच काम करते. दादा म्हणतात ते खरं आहे, पण अर्धं. मैदानातून सुरुवात करूच नका, नाट्यगृहातून करा. तिथे छप्पर आहे, वेळ ठरलेली आहे, आणि रात्री साडेबाराला तुम्ही घरी असता.

पुण्यात असाल तर कॉलेजच्या एकांकिकेच्या टीमला गाठा. पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत प्रत्येक टीमला संगीत ऑपरेट करायला माणूस हवा असतो. पैसे नाहीत, वडापाव आहे. पण क्यू चुकला की साऱ्या नाट्यगृहासमोर चुकतो, त्यामुळे शिकणं पटकन होतं. माझी पहिली चूक: नायिका मरण्याआधीच शोकगीत सुरू केलं. ती बिचारी पटकन मरून गेली.

पहिली दोन वर्षं कंत्राटदार तुमच्याशी न बोलता तुमच्या मागच्या पोराशी बोलतील. तो पोरगा हेल्पर असेल आणि तुम्ही ऑपरेटर. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. मी मास्टर फेडर खाली ओढते, सगळा आवाज बंद. मग बघतात माझ्याकडे.

चिंतातुर_जंतू | १५ जून, सकाळी ९:००

कशाला या भानगडीत पडताय? पाच वर्षांत एआय सगळं मिक्सिंग करणार.

फेडर_ताई | १५ जून, सकाळी ९:०४

टेम्पो भरणार का?

भाता_आणि_पट्टी | १५ जून, दुपारी २:१५

सांगलीकडच्या आहात म्हणून लिहितो. आमचं पेटीदुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासून. तुमच्या शेजारी मिरज आहे. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पेपरात फोटो आले, सत्कार झाले. पण जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज खुलवायला, बसणारी तरुण पोरं किती आहेत ते त्या गल्लीत जाऊन मोजा. कामाला तोटा नाही, हातांना आहे.

पेटीचं सांगतो, कारण ते मला कळतं. आत पितळी सूर असतात, खर्ज, नर आणि मादी. सूर उतरला असेल आणि चढवायचा असेल तर पितळी जिभेच्या टोकाकडे कानस फिरवायची, म्हणजे टोक हलकं होतं. उतरवायचा तर मुळाशी, जिथे ती रिव्हेटने बसवलेली असते तिथे. तीन-चार हलके हात, की परत बसवून ऐकायचं. जास्त घासलं तर सूर मेला. शिकताना मी दोन अख्खे सेट मारलेत आणि वडिलांनी पगारातून कापले.

आता कानाचं. दोन सूर एकत्र वाजवले आणि जरासा फरक असला की आवाज हेलकावे घेतो. वाँव वाँव वाँव. सूर जुळत आला की हेलकावा संथ होतो, जुळला की थांबतो. मशीन लावूनही जुळवता येतं, आजकाल फोनवर फुकट मिळतं. पण मशीनच्या समान सप्तकातला गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा १४ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) चढा असतो. गवई तो ऐकून तोंड वाकडं करतात. कोणासाठी पेटी लावतोय हे विचारून गंधार कुठे ठेवायचा ते ठरवावं लागतं. गाणं शिकलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. माझ्याकडे आलेल्या पोरांना सुतारकाम येतं, गंधार येत नाही.

पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, भात्याला वाळवी लागते. जून ते सप्टेंबर आम्हाला श्वास घ्यायला वेळ नसतो. गाणारे त्या काळात रिकामे असतात बघा.

नाट्यवेडा | १५ जून, दुपारी ३:००

प्रतिसाद आवडला. पण २८ वर्षांची विशारद मुलगी कानस घेऊन बसणार?

भाता_आणि_पट्टी | १५ जून, दुपारी ३:२५

माझी बायको बसते. माझ्यापेक्षा तिचा हात हलका आहे.

मांडवीकाठ | १५ जून, रात्री ८:४०

पणजीहून. मी व्हायोलिन वाजवतो आणि त्यापेक्षा जास्त इतरांसाठी नोटेशन लिहितो. या कामाला कोणी करिअर म्हणत नाही, पण माझं घर त्यावर चालतं.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो कामाचा आहे. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळा असायच्या. तिथे मेस्त्री लहान पोरांना सोल्फेज (स्वर नावांनी गाणं) आणि स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी) शिकवायचे. त्या शाळांतून तयार झालेले वादक मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंत बसले. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणायचे आणि हे लोक तीस व्हायोलिनांनी काय वाजवायचं ते कागदावर उतरवायचे. शंकर-जयकिशनकडे सेबास्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. मराठीत अनिल मोहिलेंनी हे अरेंजरचं काम किती वर्षं केलं ते जुन्या रसिकांना ठाऊक आहे. पडद्यावर मात्र नाव संगीतकाराचं.

आजही तेच आहे. चाल बांधणारे भरपूर. चाल आपल्या भातखंडे स्वरलिपीत लिहिणारे थोडे. तीच चाल स्टाफवर लिहून चार व्हायोलिन आणि एक चेलो यांच्यापुढे ठेवणारा दुर्मीळ. त्यातही दोन्हीकडचं कळणारा तर विरळाच. चर्चमध्ये शिकलेल्या वादकाला मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) कुठून सुटते आणि कुठे पोचते हे कोणीतरी सांगावं लागतं. ती कागदावर नीट येतच नाही. मी बाण काढतो आणि शेजारी गाऊन दाखवतो, माझ्या भयाण आवाजात.

रोज पाऊण तास दिलात तर सहा महिन्यांत स्टाफ वाचता येईल. मग एक काम करा. तुमच्या आवडीचं एक भावगीत घ्या, त्याच्या दोन अंतऱ्यांमधला वाद्यांचा तुकडा ऐकून ऐकून लिहून काढा. प्रत्येक वाद्य वेगळ्या ओळीवर. मला वाटतं पहिल्याला तीन आठवडे लागतील, दहाव्याला एक संध्याकाळ.

तिरकीट | १५ जून, रात्री ९:१०

हा धागा भाच्याला पाठवला. तो म्हणतो, सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, पण पैसे किती ते कोणीच सांगत नाही.

वायर_गुंडाळ | १५ जून, रात्री ९:३०

हेल्परला मी रोजाने देतो, तो एखाद्या गवंड्याच्या रोजापेक्षा कमीच असतो. पुढचं भाच्याला विपूत (वेगळ्या निरोपात) विचारायला सांगा. इथे आकडा टाकला की उद्या माझं गिऱ्हाईक तो वाचणार.

हिशेबनीस | १६ जून, सकाळी ११:००

सगळ्यांनी कानाबद्दल लिहिलं. मी धाग्यातल्या एका वाक्याकडे लक्ष वेधतो: 'दिवसा एका कंपनीत अकाउंट्स बघते.' बाई, तुमच्याकडे जे आहे ते संगीतात कोणाकडेच नाही!

मी कलाकारांचे हिशेब बघतो. माझ्याकडे येणाऱ्या संगीतकारांची कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत असतात. काहींची पिशवीही नसते. व्यावसायिक फीमधून १० टक्के टीडीएस कापला जातो. ज्याचं उत्पन्न कमी आहे त्याला विवरणपत्र भरलं की तो परत मिळू शकतो. भरतच नाहीत. वर्षानुवर्षं पैसे सरकारकडे पडून.

त्याहून मोठं प्रकरण हक्कांचं. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराने हक्क निर्मात्याला लिहून दिले तरी रॉयल्टीतला त्यांचा वाटा असा लिहून देता येत नाही. तो एकतर वारसांना जातो किंवा सोसायटीमार्फत येतो. गीतकार-संगीतकारांची सोसायटी म्हणजे आयपीआरएस, १९६९ पासूनची. गायकांची वेगळी, पूर्वीची इस्रा, आता वादकांसकट इसाम्रा. आता गंमत ऐका. सभासद झालं म्हणून पैसे चालत येत नाहीत. आपली कुठली गाणी, गीतकार कोण, संगीतकार कोण, वाटा किती, हे नोंदवावं लागतं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला १२ अक्षरी-आकडी आयएसआरसी क्रमांक असतो. तो चुकला किंवा नाव तीन स्पेलिंगांनी लिहिलं, की पैसा भलतीकडे किंवा कुठेच नाही. हे काम म्हणजे निव्वळ ताळेबंद जुळवणं. पण ते करणाऱ्याला अंतरा आणि मुखडा यांतला फरक आणि पारंपरिक चाल कोणती हे कळावं लागतं.

मांडवीकाठ यांच्यासाठी: कायद्याच्या लेखी संगीतरचनेचा कर्ता म्हणजे संगीतकार. अरेंजरला काय मिळणार ते करारात लिहिलं असेल तेवढंच. एका ओळीचा ईमेल असला तरी चालेल, पण काम सुरू करण्याआधीचा हवा.

अवांतर, पण पहाटवाल्यांना उपयोगी: संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. मानापमान नाटक १९११ चं, लिहिणारे खाडिलकर १९४८ ला गेले, चाली देणारे टेंबे १९५५ ला. म्हणजे ती पदं आणि मूळ चाली आता मोकळ्या आहेत. बाबूजी (सुधीर फडके) २००२ ला गेले, त्यांच्या चालींवर २०६२ संपेपर्यंत हक्क आहे. गदिमा १९७७ ला गेले, त्यांच्या शब्दांवर २०३७ संपेपर्यंत. एकाच गाण्याच्या शब्दांची आणि चालीची मुदत वेगळी असते, हे आयोजकांना सांगितलं की ते माझ्याकडे भूत बघितल्यासारखे बघतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा. जुन्या पदाची नवी रेकॉर्ड उचलून व्हिडिओखाली लावाल तर अडकाल.

पांढरी_पाच | १६ जून, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. फेडर_ताई, नायिका आठवून ऑफिसात हसले.

हिशेबनीस, खरं सांगू? तुमचा प्रतिसाद वाचून जीव बारीक झाला. अकाउंट्सपासून पळायला मी इथे आले, आणि तुम्ही मला परत त्याच टेबलावर बसवलंत.

भाता_आणि_पट्टी, मला येऊन बघायचंय. सुट्टी काढून आले तर चालेल?

हिशेबनीस | १६ जून, रात्री १०:४५

टेबल तेच, पण समोरची फाइल वेगळी. एका संगीतकाराची पिशवी पाठवतो. नाही आवडली तर परत करा.

एडिसनची_आई | १७ जून, सकाळी ६:१०

न्यू जर्सीहून. माझ्या दोन मुली भारतातल्या एका ताईंकडे ऑनलाइन गाणं शिकतात. क्लासचा पर्याय एकदम काट मारू नका, असं सांगायला आले. इकडे हल्ली फक्त गाणं शिकवणारे नको असतात. माझ्या मुलीला स्वर ओळखता येत नव्हता. तिच्या ताई महिनाभर स्वतः गायल्याच नाहीत, फक्त ऐकवायच्या आणि विचारायच्या. नुसतं ऐकायला शिकवणारा क्लास कोणी काढला तर मी पहिली फी भरीन.

एक तांत्रिक टीप: व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर तंबोऱ्याला पंख्याचा आवाज समजून गिळून टाकतं. सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाचं बटण असतं, ते चालू करायचं. आम्हाला हे आठ महिन्यांनी कळलं. तोवर मुलीला वाटायचं ताईंचा तंबोरा दर दहा सेकंदांनी मरतो.

स्पूलवाला | १७ जून, रात्री ११:५५

उशिरा आलो. मी जुन्या खासगी ध्वनिमुद्रणांचं डिजिटायझेशन करतो. महाराष्ट्रात घराघरांत स्पूल आणि कॅसेट पडल्या आहेत, गणेशोत्सवातली गाणी, घरगुती बैठका, कीर्तनं. दर पावसाळ्यात त्यांतल्या काहींना बुरशी लागते. ज्यांनी ध्वनिमुद्रण केलं ते आजोबा गेले, नातवाकडे मशीन नाही.

यात गाणाऱ्याच्या कानाचं काय काम? वेगाचं. जुनी मशीन कमीजास्त वेगाने चालायची, त्यामुळे आजच्या मशीनवर लावलं की सूर सरकलेला असतो. काळी एकला गाणारे बुवा पांढरी दोनमध्ये ऐकू येतात आणि आवाज उगाच तरुण वाटतो. जाणकार माणूस ऐकून सांगतो, हे त्यांचं नव्हे, थोडं खाली घ्या.

मी दुसरीही एक खूण वापरतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. जुन्या ध्वनिमुद्रणात तिची बारीक गुणगुण शिरलेली असते, सगळे तिला शिव्या घालतात. मी आधी तिला शोधतो. ती ५० ऐवजी ५३ वर दिसली तर टेप अर्धा सूर चढी चालली आहे. वेग तेवढा उतरवला की बुवा आपल्या जागी येऊन बसतात. फुकटचा स्वरकाटा. त्या वेळी दिवा चालू होता म्हणून मिळालेला.

संगीताच्या संग्रहालयांत हे काम पगारी असतं. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं, १९८२ साली सुरू झालेलं संग्रहालय आहे, मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राकडेही मोठा संग्रह आहे. जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पण खासगी काम दारात उभं आहे. एक चांगलं चालू कॅसेट डेक आणि एक इंटरफेस (आवाज संगणकात नेणारं उपकरण) घ्या. सॉफ्टवेअरला आधी पैसे घालू नका, रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. आणि पहिलं काम स्वतःच्या घरच्या कॅसेटवर करा. मी पहिल्याच गिऱ्हाइकाची टेप मशीनमध्ये गुंडाळली होती. त्यांच्या आईचा आवाज होता त्यात. अजून झोप उडते.

नाट्यवेडा | १८ जून, सकाळी ८:३०

हा धागा वाचनखुणांत ठेवला. माझ्या पहिल्या प्रतिसादातलं पहिलं वाक्य मागे घेत नाही, पण शेवटचं घेतो.

पांढरी_पाच | ११ ऑक्टोबर, रात्री ११:१५

धागा वर काढतेय, कारण चार जणांनी विपूत विचारलं.

जुलैत भाता_आणि_पट्टी यांच्याकडे तीन दिवस राहून आले. काकूंनी शेजारी बसवून घेतलं. पहिल्या दिवशी फक्त ऐकलं. दुसऱ्या दिवशी मोडीत काढलेल्या सेटमधला एक सूर हातात दिला, मादीतला. तो मी मारला. तिसऱ्या दिवशी दुसरा दिला, तो दोन तासांनी जुळला. हेलकावा थांबताना ऐकला आणि अंगावर काटा आला. पण हे काम माझं नाही. पाठ धरली आणि धीर कमी पडला. काकूंनाही ते दिसलं असणार, कारण निघताना त्यांनी परत कधी येतेस असं नाही विचारलं, डबा दिला.

ऑगस्टमध्ये एका कॉलेजच्या एकांकिकेचं संगीत ऑपरेट केलं. दोन क्यू चुकले. नाटक पुढे गेलं नाही, पण माझ्यामुळे नाही असं त्यांनी शपथेवर सांगितलंय.

हिशेबनीसांची पिशवी आली. दोन महिने उघडली नाही. गणपतीच्या सुट्टीत उघडली. आत चाळीसेक गाण्यांचे कागद, वीजबिलाच्या पाठीवर लिहिलेले करार, एका कोपऱ्यात चहाचा डाग. एक गाणं दोन वेगळ्या नावांनी नोंदलेलं सापडलं, कारण कोणीतरी मुखड्याऐवजी अंतऱ्याची पहिली ओळ शीर्षक म्हणून टाकली होती. गाणं माहीत नसतं तर कळलंच नसतं. रात्री तीनपर्यंत बसले होते. ऑफिसात हेच काम मी साडेपाचला बंद करते. दुसरी पिशवी मागवली आहे, यावेळी पैसे ठरवून, आणि आधी ईमेल लिहून.

आणि महिन्यातले दोन शनिवार वायर_गुंडाळ दादांच्या ओळखीच्या एका साउंडवाल्यांकडे जाते. फक्त नाट्यगृहातली कामं. अजून वायरच गुंडाळते, एक सुलट आणि एक उलट.

गेल्या आठवड्यात कोजागिरीचा कार्यक्रम होता, पावसामुळे हॉलमध्ये हलवलेला. गायिकेची पांढरी पाच, म्हणजे माझीच. शिष्या विंगेत तंबोरा लावत होती. जोडीच्या तारा लागल्या, खर्ज, म्हणजे शेवटची जाड तार, काही लागेना. लावला की वाटायचं उतरलाय, चढवला की जोडीशी भांडायचा. मी शेजारीच वायर सोडत होते. ऐकलं तर खर्जाच्या तारेला हेलकावे, सेकंदाला दोन. तार बोटाने थांबवली तरी खाली काहीतरी गुणगुणत होतं. मॉनिटरमधून येत होतं, तंबोऱ्यातून नाही. पांढरी पाचचा तो खर्ज ९८ हर्ट्झ, आणि विजेच्या गुणगुणीचा दुप्पट सूर १००. स्पूलवाला, तुम्ही आठवलात. विजेचीही पांढरी पाचच, फक्त श्रुती-दीड श्रुती चढी. ती बिचारी मॉनिटरशी सूर जुळवत होती.

साउंडवाल्या दादांना सांगितलं. त्यांनी एकेक चॅनल म्यूट केलं. सातव्यावर गुणगुण गेली. तिथे एक लॅपटॉप जोडलेला होता, चार्जरसकट. चार्जर काढला, खर्ज एका पिळात लागला. दादा काही बोलले नाहीत. कार्यक्रम सुरू झाल्यावर मला मिक्सरजवळ स्टूल दिलं.

फेडर_ताई | ११ ऑक्टोबर, रात्री ११:२२

स्टूल! मला तिसऱ्या वर्षी मिळालं होतं.

वायर_गुंडाळ | ११ ऑक्टोबर, रात्री ११:३०

चार्जर काढला ते बरोबर. काही जण गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिनच काढतात. ते कधीही करू नका, माईक हातात धरलेल्या माणसाला शॉक बसू शकतो.

बाकी लॅपटॉप कोणाचा होता?

पांढरी_पाच | ११ ऑक्टोबर, रात्री ११:३४

निवेदकांचा. संहिता त्यात होती, आणि बॅटरी चार टक्के.